निरोपाचा घोट

"मेस्त्री! ओ मेस्त्री!"

फाटकातून दिर्सेऊ फुर्लानची हाक आली तसा जासीर झांबोन हातातला कार्बोरेटर बाकावर ठेवून उठला. गुडघे कुरकुरले. फडक्याला हात पुसत तो दारापाशी पोचेपर्यंत दिर्सेऊ त्याच्या खांद्यावर एक थाप मारून पुढे गेलाही होता. शेडच्या उजव्या अर्ध्या भागात, जिथे दोन वर्षांपूर्वी पांढऱ्या फरशा बसवल्या होत्या, तिथे जासीरची मुलगी जुसारा लॅपटॉपवर वाकलेली होती.

"काय मेस्त्री, काय म्हणतेय आपली पिवळी?"

"म्हणतेय, दिर्सेऊकाकांना सांगा, रविवारी पाय दाबताना जरा कपाळावरचा घाम पुसा. मागच्या वेळी डोळ्यांत गेला म्हणून तिसरा गिअर चुकला."

दिर्सेऊ खो खो हसला. मग मागे फडकं घेऊन उभ्या असलेल्या जासीरकडे त्याचं लक्ष गेलं.

"अरे, तू कशाला उठलास? हिला हाक मारली होती. आता एका घरात दोन-दोन मेस्त्री म्हणजे पंचाईतच! पण एक सांगतो जासीर, बापसे बेटी सवाई. अख्ख्या पिरासिकाबात तुझ्यासारखा नशीबवान बाप नाही."

नशीबवान बाप हसला, "बरं बरं" म्हणाला आणि आपल्या बाकाकडे परतला.

खरी गोष्ट अशी होती की जासीरला मुलीचा मत्सर वाटत होता. जळफळाट म्हणा, पोटदुखी म्हणा, नाव काही द्या. एकसष्ट वर्षांचा, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला हा माणूस पोटच्या पोरीवर जळत होता. दुसऱ्या कुणी गिऱ्हाईक पळवलं असतं तर कोपऱ्यावरच्या गुत्त्यात बसून त्याच्या सात पिढ्या उद्धरता आल्या असत्या, चार माणसांनी मान डोलावली असती. पण हे दुखणं सांगायचं कुणाला?

दिर्सेऊची वीटभट्टी होती आणि एक पिवळी ओपाला गाडी होती. भट्टी पोटासाठी आणि गाडी जिवासाठी. शर्यतीच्या पट्टीवर दोनशे एक मीटर सुसाट जायचं, बस. त्या सहा सिलिंडरच्या इंजिनाची बावीस वर्षं जासीरने सेवा केली होती. पेट्रोलच्या इंजिनाला अल्कोहोल पाजायचं म्हणजे नुसतं टाकीत ओतून भागत नाही. ते प्यायला लागतं जवळजवळ दीडपट, म्हणून कार्बोरेटरच्या जेटचं भोक मोठं करावं लागतं, आणि ते किती मोठं, हे पुस्तकात नसतं. जासीर सुईसारखं बारीक ड्रिल दोन बोटांत धरून हाताने फिरवायचा. मग इंजिन चालू करून धुराड्यामागे उभा राहायचा. धूर डोळ्यांना किती झोंबतो, वास किती गोड येतो, यावरून पुन्हा एक केसभर भोक वाढवायचा. पेट्रोलवर चाललेला प्लग काळा-तपकिरी होऊन बोलतो. अल्कोहोलवरचा प्लग धुतल्यासारखा कोरा निघतो, त्याच्याकडून काही काढून घेणं म्हणजे मुक्याकडून साक्ष घेणं. जासीर ती घ्यायचा. त्यासाठी रिबेरांव, लिमेरा, कुठून कुठून लोक यायचे.

मग जुसारा कुरितिबाहून परत आली. तिकडे ती पाच वर्षं शर्यतीच्या गाड्यांवर काम करत होती. तिने अर्धी शेड मागितली, जासीरने दिली. मोठ्या कौतुकाने दिली, फरशाही स्वतः बसवल्या. आणि गेल्या जानेवारीत दिर्सेऊ म्हणाला की आता कार्बोरेटर बास, टर्बो आणि इंजेक्शन लावू, जुसारा लावून देईल. ते तीन कार्बोरेटर जासीरने स्वतःच्या हाताने उतरवले. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आता ते फळीवर होते आणि काम नसलं की तो त्यातला एक काढून पुसत बसे.

बायकोपासून काही लपलं नव्हतं. ओदेत एकदा जेवताना भाताच्या पातेल्यात डाव ठेवून म्हणाली, "पोरीने नाव काढलं की बापाची छाती फुगते. तुझं पोट का फुगलंय?"

"घेवड्याने."

"तीस वर्षं घेवडा खातोयस. आत्ताच बरा फुगवायला लागला."

जासीरने ताटात बघत आणखी घेवडाच वाढून घेतला.

शुक्रवारी सकाळी जुसाराने रविवारसाठी इंधन बनवलं. पंच्याऐंशी भाग अल्कोहोल, पंधरा भाग पेट्रोल. टाकी छोटी, शर्यतीची, आत स्पंज भरलेली. तिला काटा-बिटा काही नव्हता. सात लिटर आत गेल्यावर तिने त्यातलंच थोडं काचेच्या नळीत घेतलं, पाणी घातलं, बूच लावून हलवलं आणि खिडकीशी धरलं. अल्कोहोल पाण्याबरोबर खाली गेलं, पेट्रोल वर तरंगलं. तिने रेघ मोजली आणि चिकटपट्टीवर ८५ लिहून ती टाकीला लावली. खरं म्हणजे हे मोजणारा एक सेन्सर मागवला होता, पण तो अजून आला नव्हता.

जासीर आपल्या बाकावरून हे बघत होता. त्याच्याने राहवलं नाही.

"निरोपाचा घोट दिलास का?"

गुत्त्यातून उठताना शेवटचा एक पेला घ्यायची त्या भागात रीत आहे, त्याशिवाय कुणी घरी जात नाही. अल्कोहोलवर गाड्या पळवणाऱ्यांनी तीच रीत इंजिनाला लावली होती. दिवसाचं काम संपलं की अल्कोहोल बंद करायचं आणि इंजिनाला थोडं पेट्रोल पाजायचं, नळ्यांतून आणि जेटमधून अल्कोहोल पार निघून जाईपर्यंत. नाहीतर ते हवेतलं पाणी ओढतं, धातू खातं आणि जेटच्या भोकात पांढरा चिकटा धरतो. बावीस वर्षांत पिवळीचा घोट जासीरने एकदाही चुकवला नव्हता. जुसारा जन्मली त्या संध्याकाळीसुद्धा तो आधी दुसऱ्या एका गाडीला घोट देऊन मग दवाखान्यात गेला होता. ओदेत ते अजून विसरलेली नाही.

"परवाच तर पळायचंय, बाबा," जुसारा म्हणाली. "दोन दिवसांत काही होत नाही. सगळ्या नळ्या स्टीलच्या आहेत."

"अल्कोहोल झोपत नाही, जुसारा."

"मग जागू दे. कुत्रा पाळायला नको, तेच राखण करील."

गाडीपाशी उभा असलेला दिर्सेऊ पुन्हा खो खो हसला. जुसाराही हसली, त्यात वाईट काही नव्हतं. पण जासीरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझी रीत, आणि माझ्याच शेडमध्ये माझ्याच मित्रासमोर तिची चेष्टा!

दुपारी ती दोघं टायर आणायला गेली. शेडमध्ये जासीर आणि पिवळी, दोघंच उरले.

त्याने बराच वेळ काही केलं नाही. मग उठून गाडीभोवती एक फेरी मारली. त्याला इंजिनाची काळजी होती, हे खोटं नव्हे. आणि रविवारी सगळ्यांसमोर सहज बोलता बोलता "घोट मी दिला होता बरं का, म्हणून पळाली" असं म्हणायचं होतं, हेही खोटं नव्हे. त्यात काळजी किती आणि जळणं किती, हे मोजायची काचेची नळी मात्र कुणाकडे नव्हती.

त्याने टाकीखालचा कॉक बंद केला. पंपाकडे जाणारी नळी सोडवली आणि पाच लिटर पेट्रोलच्या कॅनमध्ये बुडवली. कार्बोरेटरच्या दिवसांत तो नेहमी असंच करायचा. बटण दाबलं, पिवळी गुरगुरली. धुराचा वास हळूहळू बदलला, गोडपणा जाऊन पेट्रोलचा उग्र दर्प आला, आणि जासीरला किती तरी महिन्यांनी बरं वाटलं. पण मिनिट-दीड मिनिटात कॅनच्या तळाशी खळखळ व्हायला लागली. पाच लिटर संपले!

"दारुडी झालीस की गं," तो तिला म्हणाला. "तीन कार्बोरेटर होते तेव्हा लिटरभरात भागत होतं तुझं."

त्याने इंजिन बंद केलं, नळी जागेवर लावली, कॉक उघडला, हात धुतले. दारुडी झाली असेल, असं समजून विषय संपवला.

चूक इथे झाली. कार्बोरेटर हवं तेवढं घेतो आणि बाकीचं येऊच देत नाही. इंजेक्शनचा पंप तसा नसतो. तो सगळं इंधन जोरात पुढे रेटतो, इंजिन त्यातला घोटभर घेतं आणि उरलेलं दुसऱ्या एका नळीने टाकीत परत येतं. ती दुसरी नळी जासीरच्या डोळ्यांसमोर होती, कोपरापासून वीतभर अंतरावर. त्याने तिचा विचारच केला नाही, कारण त्याच्या आयुष्यात इंजिनाने घेतलेलं कधी परत दिलं नव्हतं. जवळजवळ पाचही लिटर पेट्रोल जुसाराने मोजून ठेवलेल्या इंधनात जाऊन पडलं होतं. चिकटपट्टीवर ८५ तसाच होता.

रविवारी पट्टीवर जत्रा भरली होती. सळ्यांवर मांस भाजलं जात होतं, बियरची खोकी उघडली जात होती आणि सगळीकडे अल्कोहोलच्या धुराचा गुळचट वास होता. जासीर घडीच्या खुर्चीत कॉफी घेऊन बसला होता. घोटाची गोष्ट केव्हा काढायची, ते त्याने ठरवून ठेवलं होतं: पिवळी जिंकली की लगेच नाही, जरा थांबून, दुसरी बियर उघडताना.

जुसाराने इंजिन गरम केलं. लॅपटॉपवरचा एक आकडा हलला, इंजेक्शनच्या संगणकाने आपण होऊन इंधन थोडं कमी केलं आणि आकडा जागेवर आला. तिच्या कपाळाला आठी पडली. ती पुन्हा बघणार तेवढ्यात माईकवरून पिवळीचं नाव पुकारलं. दिर्सेऊने शिरस्त्राणाची काच खाली ओढली.

पिवळी सुटली ती गोळीसारखी. शंभर मीटरपर्यंत सगळी पट्टी उभी राहून ओरडत होती. मग तो आवाज आला, पत्र्याच्या डब्यात मूठभर खडे टाकून हलवल्यासारखा. बाकीच्यांना कळलं नाही, जासीरला कळलं. अल्कोहोल टर्बोच्या त्या दाबाला शांतपणे जळतं. पेट्रोल वेळेआधीच पेटतं आणि पिस्टनवर घण घालतं. पाठोपाठ पांढरा धूर निघाला आणि पिवळी कडेला जाऊन मेली.

आणि त्या क्षणी, काळजी वाटण्याआधी, जासीरला आनंद झाला. खोटं कशाला बोला, झाला. कुणीतरी छातीवरचा दगड उचलावा तसं वाटलं.

गाडी ढकलत आणली. चौथ्या सिलिंडरचा प्लग निघाला तो वितळलेल्या अल्युमिनियमचे बारीक मणी घेऊन. पिस्टनला भोक पडलं होतं. लोक जमले, आणि जमले की बोलतात.

"लॅपटॉपवर काय गाणी वाजतात, इंजिन नाही चालत."

"म्हाताऱ्याच्या हातात होती तेव्हा बावीस वर्षांत एकदा तरी असं झालं का?"

"कान लागतो, कान! तो काय कुरितिबात विकत मिळतो?"

जासीर ऐकत होता. प्रत्येक वाक्य त्याला मध लावून चाटवल्यासारखं वाटत होतं.

 जुसाराने टाकीतलं इंधन काचेच्या नळीत घेतलं, पाणी घातलं, हलवलं, आणि उन्हात धरून उभी राहिली. वर तरंगणारा पेट्रोलचा थर वाढत गेला. अंगठ्याएवढा झाला, तरी थांबेना. पंच्याऐंशीच्या जागी जेमतेम एकसष्ट.

जासीरने तो थर पाहिला. दीड मिनिट, रिकामा कॅन, आणि कोपराशेजारची ती नळी. ते पेट्रोल कुठून आलं, ते त्याला कळलं.

जुसाराने मान वर केली. तिची नजर गर्दीवरून फिरली आणि बापापाशी येऊन थांबली. बंद शेडमध्ये उभ्या गाडीला पेट्रोल पाजणारा माणूस जगात एकच आहे, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने नळी मातीत ओतून टाकली.

"माझी चूक," ती दिर्सेऊला म्हणाली. "मिश्रण आज सकाळी परत मोजायला हवं होतं. मी मोजलं नाही."

दिर्सेऊ जासीरकडे वळला. "जाऊ दे. पोरगी आहे, शिकेल हळूहळू. तू मात्र ते तीन कार्बोरेटर काढून ठेव रे. पुढच्या महिन्यात पुन्हा चढवू. पिवळी तुझीच."

वर्षभर जे मिळावं म्हणून तो जळत होता, ते असं ताटात वाढून समोर आलं. नुसतं "बरं" म्हटलं असतं तरी झालं असतं. जासीरने ओठ ओले केले.

"दिर्सेऊ, ते पेट्रोल मी घातलं."

"काय?"

"शुक्रवारी, तुम्ही टायर आणायला गेलात तेव्हा. निरोपाचा घोट द्यायला गेलो आणि ते सगळं परत टाकीत गेलं. तिची काही चूक नाही."

 दिर्सेऊचे डोळे भरून आले आणि त्याने जासीरला घट्ट मिठी मारली.

"बघा रे, बघा! बाप असावा तर असा. पोरीवरचा आळ स्वतःच्या डोक्यावर घेतोय!"

"अरे, खरंच सांगतोय. कॅनमध्ये नळी—"

"पुरे! चाळीस वर्षांपासूनचा मेस्त्री तू, आणि मोजून भरलेल्या टाकीत पेट्रोल घालणार? हे माझ्या भट्टीवरच्या गाढवालासुद्धा पटायचं नाही."

कुणीतरी जासीरच्या हातात थंड बियर दिली. कुणी पाठ थोपटली. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. जन्मात मिळाला नव्हता एवढा मान त्या दहा मिनिटांत मिळाला, आणि त्यातला गुंजभरही त्याचा नव्हता. पलीकडे जुसारा लॅपटॉपची वायर गुंडाळत होती. तिची चूक तिच्याच नावावर राहिली होती, उलट आता तिच्यावर पांघरूण घालणारा बापही तिला मिळाला होता.

जासीरने बियर खाली ठेवली. खरं बोलून उपयोग नव्हता, हे त्याला कळलं. मग त्याने दुसरं काहीतरी शोधलं.

"बरं, ते जाऊ दे," तो म्हणाला. "पण कार्बोरेटर चढवायचं डोक्यातून काढ, दिर्सेऊ. माझ्याच्याने आता होत नाही."

"म्हणजे?"

"हात थरथरतो. केसभर भोक वाढवायला जातो नि दोन केस वाढतं. गेलं वर्षभर लपवतोय. पिवळी जुसाराकडेच राहू दे. दुसरं कुणी नाहीये आता."

हे मात्र सगळ्यांना लगेच पटलं. कुणी "छे, काहीतरीच" असंही म्हणालं नाही. दिर्सेऊने त्याच्या हाताकडे पाहिलं, मग मान खाली घातली आणि हळूच म्हणाला, "वय झालं रे आपलं." तो जुसाराकडे गेला. नवा पिस्टन कधी मिळेल, असं त्याने विचारलेलं जासीरने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुसारा गाडीमागे गुडघ्यांवर बसली होती. तिच्याजवळ एक नवं झाकण होतं, टाकीचं, कुलूप असलेलं. जासीर येऊन उभा राहिला. 

"पाच लिटर ना?" तिने विचारलं.

"पाच."

"मला वाटलंच. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आधीच सत्तावीस टक्के अल्कोहोल असतं, ते धरून हिशोब एकसष्टवरच येत होता." तिने जुनं झाकण बाजूला ठेवलं. "घोट द्यायचाच होता तर मला सांगायचं, बाबा."

"सांगितलं होतं."

"विचारलं होतं तुम्ही, सांगितलं नव्हतं." तिने पेचकस उचलला. "का केलंत?"

जासीरने फरशीकडे पाहिलं. त्याने स्वतःच बसवलेली, एकही फट वाकडी नसलेली फरशी.

"सगळे तुला मेस्त्री म्हणायला लागले," तो म्हणाला.

जुसाराच्या हातातला पेचकस थांबला.  कुलपाच्या दोन चाव्या होत्या. एक तिने आपल्या जुडग्यात घातली आणि दुसरीवर दिर्सेऊच्या नावाची चिठ्ठी बांधली. मग झाकण टाकीवर बसवलं, एका हाताने दाबून धरलं आणि दुसरा हात मागे केला.

"जरा स्क्रू देता?"

जासीर कुरकुरणाऱ्या गुडघ्यांनी तिच्या शेजारी खाली बसला. डबीतून तांदळाएवढा एक स्क्रू दोन बोटांत उचलून त्याने तिच्यापुढे धरला. हात जराही हलत नव्हता. जुसाराने त्या हाताकडे पाहिलं, स्क्रू घेतला, बसवला, आणि दुसरा मागितला.